सात दिवसांत एकही चूक नाही

अपंगांसाठी साधनं बनवणाऱ्या केंद्राच्या त्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये माझी चाकांची खुर्ची भिंतीला लावून वहिनी फॉर्म आणायला गेली, ती गेलीच. समोरच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. आत एक माणूस माझ्याकडे पाठ करून एका स्क्रीनशी भांडत होता.

"अरे बाबा, डावीकडे. डावीकडे म्हटलं ना! उजवीकडे काय ठेवलंय तुझं?"

उजवीकडे भिंतीवर घड्याळ होतं आणि मी ते बघत होते. वहिनीला जाऊन वीस मिनिटं झाली होती. मी मान वळवून कॉरिडॉरच्या टोकाकडे पाहिलं, तसा त्याच्या स्क्रीनवरचा बाण सरसर दुसऱ्या टोकाला पळाला. मला नवल वाटलं, भुवया वर गेल्या आणि त्याची उघडलेली चौकट फटकन बंद झाली. त्यानं कपाळावर हात मारला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मग मी शहाण्या मुलीसारखी मान स्थिर ठेवायला हवी होती... पण नाही ठेवली. कुणाला साधा चिमटा काढायचा म्हटलं तरी माझे हात उचलत नाहीत, आणि इथे तर एका धडधाकट माणसाला मी बसल्या जागेवरून नाचवत होते. अशी संधी कोण सोडतं? बाण डावीकडे, बाण उजवीकडे, भुवई वर, चौकट बंद.

चौथ्या चौकटीला तो गर्रकन वळला.

"तुम्ही?"

"मी काय केलं? मी तर नुसती बसलेय."

"भुवई उचललीत का आत्ता?"

"आश्चर्य वाटलं म्हणून."

"तुमच्या आश्चर्यानं माझी अर्ध्या तासाची मेहनत गेली."

"मग दार लावून बसायचं."

तो उठून दारापर्यंत आला, दार लावायला. पण लावलं नाही. दाराच्या चौकटीला टेकून म्हणाला, "मी खाली मान घालून लिहीत होतो. कॅमेऱ्याला जवळपास जो चेहरा पसंत पडतो ना, तो... म्हणजे सापडतो. सापडतो म्हणायचं होतं."

त्याचे कान लाल झाले. वहिनी फॉर्म घेऊन आली तेव्हा कळलं, की आम्हाला ज्यांना भेटायचं होतं ते हेच.

मी प्रूफं तपासते. एका प्रकाशनसंस्थेत दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या टेबलाशी, गेली सहा वर्षं. माझे स्नायू दरसाल थोडे थोडे संपावर जातात. पाय आधी गेले, मग खांदे, आणि गेल्या वर्षी बोटांनी माऊस धरायचंही नाकारलं. बोलून कॉम्प्युटर चालवता येतो, करूनही पाहिलं, पण दिवसभर मोठ्यानं 'स्वल्पविराम, पूर्णविराम, वेलांटी पहिली' ओरडणारी बाई शेजारी असल्यावर कुणाला काम सुचणार? मुखपृष्ठं करणारी माझी मैत्रीण पाच दिवसांत कानात कापूस घालून यायला लागली. मालक भले आहेत. म्हणाले, "नवीन यंत्र आहे म्हणतात, चेहऱ्यावर चालणारं. सहा आठवडे बघू. नाही जमलं तर मग... तुम्ही घरी आराम करा."

आराम! दादाच्या घरी मागच्या खोलीत एक खिडकी आहे, त्यातून शेजारच्यांची पाण्याची टाकी दिसते. मला आराम म्हणजे काय ते चांगलं माहीत होतं.

ऑफिसात तरी कुठे गोतावळा होता म्हणा. जेवणाच्या सुट्टीत सगळे गच्चीवर जातात. लिफ्ट वर जाते, पण तिथून गच्चीला पाच पायऱ्या आहेत. पाचच. पहिल्या वर्षी मला उचलून न्यायची रोज चढाओढ लागायची, मी रोज नको म्हणायचे, मग विचारणंही थांबलं. मला चार घास भरवून मुखपृष्ठवाली वर जाते आणि अर्धा तास डोक्यावरच्या छतातून हसण्याचे आवाज येतात. कुणाचा काही दोष नाही यात. सगळे माझ्याशी इतके चांगले वागतात, की माझ्याशी भांडायलाही कुणी तयार नाही.

आणि मग मंगळवारी-शुक्रवारी भुवई-मास्तर यायला लागले.

हे नाव मीच ठेवलं. त्यांनी... छे, त्यानं मला 'तपासनीसबाई' ठेवलं. यंत्र म्हणजे स्क्रीनच्या वर बसवलेला बोटभर कॅमेरा. मान वळेल तिकडे बाण जातो, भुवया उचलल्या की क्लिक, डावा गाल हलवला की पान खाली सरकतं, आणि दोन्ही डोळे मिटून घेतले की यंत्राला विश्रांती. ऐकायला सोपं. पण ते यंत्र आजवर दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवर शिकलेलं, त्याला माझा चेहरा शिकवायचा होता.

"भुवई वर."

"केली."

"परत."

"केली."

"परत."

"मास्तर, किती वेळा?"

"पन्नास. आत्ता सहा झाल्या."

"कपाळाला सुरकुत्या पडतील माझ्या."

"पडू देत. सुरकुत्यांवर यंत्राला पकड चांगली मिळते."

तो माझ्याच टेबलाशी, हातभर अंतरावर बसायचा. त्याच्या लॅपटॉपवर माझा चेहरा नसायचा. काळ्या पडद्यावर नुसते ठिपके असायचे, भुवयांचे, डोळ्यांचे, ओठांचे, हनुवटीचे. लोकांच्या चेहऱ्यांची चित्रं साठवायची नाहीत असा त्यांच्याकडे दंडक होता म्हणे. तो तासन्‌तास त्या ठिपक्यांकडे बघायचा. "तुमची उजवी भुवई डावीपेक्षा जरा आधी उठते," त्यानं एकदा सांगितलं, "केसभरच. पण नेहमी."

माझी भुवई एकोणतीस वर्षं माझ्याजवळ आहे, पण मला हे ठाऊक नव्हतं. रस्त्यात लोकांची नजर आधी खुर्चीवर जाते आणि मग घाईघाईनं दुसरीकडे. माझ्या तोंडाकडे इतकं निरखून कुणी कधी पाहिलं होतं? आणि हा पाहत होता, तोही ठिपक्यांत! मला त्या ठिपक्यांचा हेवा वाटायचा. हसू नका, खरंच वाटायचा.

दुसऱ्या आठवड्यात यंत्र माझं ऐकायला लागलं. आणि तेव्हाच चुका सुरू झाल्या.

एका बड्या माणसाचं आत्मचरित्र तपासायला होतं, सहाशे पानांचं. मास्तर माझ्या खांद्यावरून डोकावून वाचायला लागला, "'माझ्या जन्माच्या वेळी आसमंतात एक विलक्षण शांतता पसरली होती.' म्हणजे बाळ रडलंच नाही का? डॉक्टर घाबरले असतील हो..."

मी आवाज न करता हसते, तशी सवयच आहे माझी. पण माझ्या भुवया उठल्या, बाण जिथे होता तिथे क्लिक झालं आणि लेखकाचा जन्म पुसला गेला.

"अरे! हे कसं झालं?" तो लगेच लॅपटॉपला चिकटला. "तुम्ही भुवई उचललीत?"

"मी? नाही बाई."

खोटं बोलले. सरळ तोंडावर खोटं बोलले. काय सांगणार होते? की मास्तर, यंत्र ठणठणीत आहे, मीच बिघडलेय?

मग तो जिना चढताना बुटांचा आवाज आला की माझं काहीतरी क्लिक व्हायचं. त्यानं छत्री झटकली, केसांवरचं पाणी माझ्या प्रूफांवर उडालं, "सॉरी, सॉरी" करत त्यानं ते रुमालानं टिपलं, तेव्हा एक क्लिक. लॅपटॉपची वायर पायात अडकून तो पडता पडता वाचला आणि मुखपृष्ठवालीला म्हणाला, "नमस्कार करत होतो," तेव्हा दोन क्लिक. प्रत्येक वेळी तो गंभीर होऊन वेळ टिपून घ्यायचा. मी ओठ गच्च मिटून छताकडे बघायचे. आणि तो गेल्यावर तीन दिवस माझं यंत्र शहाण्यासारखं वागायचं.

मुखपृष्ठवालीच्या लक्षात आलं होतं बहुतेक. घास भरवता भरवता म्हणाली, "मंगळवारी-शुक्रवारी तू फार देखणी दिसतेस गं." मी म्हटलं, "भाजीत मीठ कमी आहे."

पाचव्या आठवड्यात, शुक्रवारी, तो आला तो विजयी मुद्रेनं.

"सापडलं! तपासनीसबाई, चूक सापडली." त्यानं वही उघडली. "अकरा चुका. अकराही मंगळवारच्या नाहीतर शुक्रवारच्या, दुपारी तीन ते पाच. म्हणजे काय?"

मी स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं, "म्हणजे काय?"

"म्हणजे मी! मी या बाजूला बसतो, खिडकीचा उजेड अडवतो. तुमच्या चेहऱ्यावर माझी सावली पडते आणि यंत्राचा गोंधळ होतो." त्याला केवढा आनंद झाला होता! "इतकी साधी गोष्ट. मी नसलो की सगळं व्यवस्थित."

"पण..."

"आता मी येत नाही. केंद्रातूनच बघतो. तुमच्या मालकांना काय, चुका नकोत ना?"

त्यानं लॅपटॉप पिशवीत घातला. मी तोंड उघडलं... आणि मिटलं. माणसं समोरून जात असताना मला कधीच उठून मध्ये उभं राहता आलेलं नाही. शब्दांनी तरी उभं राहायला हवं होतं. तेही जमलं नाही.

आणि यंत्र खरंच सुधारलं. सोमवारी एकशेवीस पानं. मंगळवारी तीन वाजता जिन्यात बूट वाजले, माझी मान वळली, कुरियरवाला होता. बुधवारी दिवसभर रिपरिप पाऊस होता. खिडकीच्या काचेवरून थेंब ओघळत होते, वर गच्ची बंद म्हणून सगळे खाली जेवले, माझ्याभोवतीच बसले, आणि तरी मला इतकं एकटं वाटलं की मी डोळे मिटून घेतले. यंत्रानंही विश्रांती घेतली.

पुढच्या शुक्रवारी तीनच्या सुमारास त्याचा फोन आला. मुखपृष्ठवालीनं माझ्या कानाशी धरला.

"अभिनंदन!" तो म्हणाला. "सात दिवसांत एकही चूक नाही. एकही! तुमचे मालक खूश आहेत."

"हो का."

"तुम्ही खूश नाही?"

"आहे की."

"मग अभिनंदन," तो पुन्हा म्हणाला, जरा हळू.

फोन ठेवल्यावर मी हिशोब केला. सात दिवसांत मी एकदाही हसले नव्हते. आणि जगात ज्या एका माणसानं माझी भुवई न् भुवई मोजली होती, त्याला ते यश वाटत होतं.

संध्याकाळी वहिनी माझे केस विंचरत होती. म्हणाली, "यंत्र चाललं, नोकरी टिकली, मग तोंड असं एरंडेल प्यायल्यासारखं का?"

मी खिडकीतून टाकीकडे पाहिलं.

"तो येत नाही म्हणून?"

तिचा कंगवा थांबला.

"हे बघ, त्याचं कामच आहे ते. आज तुझी भुवई, उद्या दुसऱ्या कुणाची. सगळ्यांशी तो असाच गोड बोलत असेल." मग तिचा आवाज जरा बारीक झाला. "तुला बोलत नाहीये गं. मलाच भीती वाटते. तू पडलीस तर उचलता येतं मला, रोजचंच आहे. पण अशी पडलीस तर... मला नाही जमायचं."

"वहिनी, तू मला आजवर कधी पडू दिलंच नाहीस," मी म्हटलं. "एकदा तरी पडू दे."

वेणी त्या दिवशी तिनं फार सैल, फार सुरेख घातली.

सहा आठवडे संपले त्या दिवशी तो शेवटचा आला. खाली केंद्राची गाडी उभी होती. यंत्र कायम ठेवण्यासाठी माझ्या संमतीचा फॉर्म स्क्रीनवर उघडून तो म्हणाला, की नवीन केंद्र निघतंय, दोन दिवसांच्या प्रवासावर, डोंगरात कुठेतरी. वर्षभर तिकडेच. आजच निघायचंय. हे सगळं त्यानं स्क्रीनला सांगितलं.

"एक शेवटचं काम करून जातो," तो म्हणाला. "उद्या दुसरं कुणी शेजारी येऊन बसलं, तर पुन्हा गोंधळ नको. हे बघा."

त्यानं काळा पडदा माझ्याकडे वळवला. ठिपके स्थिर होते. मग एकाएकी भुवयांचे ठिपके वर गेले, ओठांच्या कडांचे दोन्ही बाजूंना सरकले, डोळ्यांचे जवळ आले. क्षणभरानं सगळे जागेवर. मग परत तसंच. आणि परत. अकरा वेळा.

"दर चुकीला हेच. हे ठिपके एकदम हलतात. सावलीनं असं का होतं ते नाही कळलं मला, पण ही हालचाल मी गाळून टाकतो. कायमची. मग यंत्र तिकडे लक्षच देणार नाही."

मी बघत राहिले. या खोलीतलं माझं सगळं हसू तिथे ओळीनं लावलेलं होतं. मला रडू यायला लागलं आणि रागही आला, त्याचा, माझा, त्या मूर्ख ठिपक्यांचा.

"गाळायचं तर गाळा," मी म्हटलं. "पण काय गाळताय ते आधी ऐका."

"म्हणजे?"

"ती सावली नाही, मास्तर. मी हसतेय."

त्यानं वहीकडे हात नेला.

"तुम्ही बाळ रडलं नाही का म्हणालात, तेव्हा. छत्री झटकलीत तेव्हा. पडता पडता वाचलात तेव्हा, दोनदा. तुमचे बूट जिन्यात वाजले की नुसती उगीचच. तुम्ही आलात की मी हसते आणि तुम्ही गेलात की यंत्र नीट चालतं. चुका कधी होतात ते तुम्ही बरोबर शोधलंत. का होतात, ते..." मी मानेनं पडदा दाखवला. "आता गाळा."

त्यानं ती चित्रफीत पुन्हा लावली. पहिलं हसू. दुसरं. माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे. कान लाल होत गेले.

"मग ते सात दिवस..."

"एकदाही नाही."

"आणि मी अभिनंदन केलं."

"दोनदा."

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग हातांआडूनच म्हणाला, "केंद्राचा नियम दोन भेटींचा आहे."

"काय?"

"एका यंत्रामागे दोन भेटी. मी नऊ वेळा आलो. बाकीच्या सात भेटींना कारण काय लिहिलं माहितेय? चुका. त्या होत्या म्हणून मला येता येत होतं. जिना चढताना मनात म्हणायचो, आज एखादी तरी होऊ दे." त्यानं हात खाली घेतले. "मग वहीत दिसलं, की त्या माझ्यामुळेच होतात. तुम्हाला हे काम म्हणजे काय आहे ते पाहिलंय मी. ते माझ्यापायी जायला नको म्हणून... थांबलो. फार वाईट गेले हो ते सात दिवस."

मुखपृष्ठवाली केव्हाची उठून बाहेर गेली होती. आयुष्यात पहिल्यांदा मला तिच्या समजूतदारपणाचा राग आला नाही.

पण मला सगळं सांगून टाकायचं होतं. अर्धवट काही नको होतं.

"ऐका. बोटं गेल्या वर्षी गेली. पुढच्या वर्षी कदाचित मानही..."

"मग पुढच्या वर्षी त्याला डोळे शिकवू."

"मी यंत्राबद्दल बोलत नाहीये."

"मीही नाही."

खिडकीबाहेर पाऊस थांबून लख्ख ऊन पडलं होतं. खालून हॉर्न वाजला. मला वाटलं तो आता उठेल. तो माझ्या मांडीकडे बघत होता, हातांकडे.

"हात... धरला तर चालेल?"

"उचलून घ्यावा लागेल," मी म्हटलं. "जड आहे. वर्षभर आधी सराव करून ये."

मी त्याला 'ये' म्हटलं हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

माझा हात उचलणारे पुष्कळ आहेत. वहिनी उचलते बाही घालायला, साबण लावायला. व्यायामाच्या बाई उचलतात, मोजून दहा वेळा. मुखपृष्ठवाली उचलते, खालचा कागद काढून घ्यायला. काम झालं की सगळे तो मांडीवर नीट परत ठेवतात, घडी घातल्यासारखा. त्यानं उचलला आणि ठेवलाच नाही. काही घालायचं नव्हतं, काही काढायचं नव्हतं. नुसता धरून बसला. त्याचा तळवा गार होता.

"मी पत्र लिहीन," तो म्हणाला. "फोनवर मला धड बोलता येत नाही, ऐकलंच आहेस तू."

"लिही. पण शुद्ध लिही. मी चुका काढीन."

खाली गाडीवाल्यानं पुन्हा हॉर्न दिला, मग लांबलचक दिला. आम्ही दोघंही जागचे हललो नाही. मला उठता येत नाही हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. त्याला काय झालं होतं, कोण जाणे.